चंद्रभागेच्या वरच्या अंगाला

वारकरी सज्जनहो, चंद्रभागेचे स्नान आपण मोठ्या भावाने करतो. पण ते पाणी वरून कोणत्या वाटेने येते, याचा विचार ओंजळ भरताना कोणी करतो काय? भीमाशंकरला उगम पावलेली भीमा इंदापूर तालुक्याच्या कडेने येते, 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात साठते आणि तेथून सुटली की पंढरीत चंद्रभागा होते. आषाढीला आपल्यासाठी पाणी सोडतात ते याच धरणातून. पळसदेव हे त्या साठ्याच्या काठचे गाव. जुने गाव पाण्याखाली गेले; उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते आणि माणसे दर्शनाला धावतात. अशा गावात परसातल्या संडासाची गोष्ट काढली तर ती पंढरीचीच गोष्ट होय.

इथे कोणी म्हणेल, "महाराज, अख्ख्या पुण्याची घाण भीमेतून उजनीत उतरते. तिचं काही बोला की! आमच्या संडासाला कशाला धरता?" बोलणे खोटे नाही. शहराचा दोष फार मोठा आहे आणि तो शहराच्या पदरात घातलाच पाहिजे. परंतु वाडीतल्या विहिरीत हगवण आणि कावीळ उतरते, ती बहुधा वाडीतल्याच मैल्याची असते.

2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. संडास बांधले गेले, पण मनात किती बसले? कोठे त्यात सरपण रचलेले, कोठे सुनेने वापरायचा आणि सासऱ्यांनी तांब्या घेऊन शेताकडे जायचे! विचारले तर म्हणतात, घरात देव आहे, शेजारी हे कसे चालेल? अहो, पोटात मैला आणि हृदयात पांडुरंग असा हा देह आपण दिंडीत नाचवतो, तिथे कुठे विटाळ होतो?

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती उघड बोलत नाहीत: खड्डा भरला तर उपसायचा कोणी? हे काम शेकडो वर्षे आपण एका जातीच्या डोक्यावर ठेवले, म्हणून ते आपले वाटतच नाही. त्या धास्तीने लोक विहिरीएवढी सेप्टिक टाकी बांधतात. टाकीत गाळ साठतो, वरचे पाणी नाल्याला लागते आणि नाला धरणाला. कधी तरी ती उपसावीच लागते. टाकीत उतरून विषारी वायूने माणसे मेली आहेत. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उपसायला लावणे गुन्हा ठरवले आहे. चोखोबांच्या पायरीवर डोके ठेवायचे आणि त्यांच्याच लेकरांना टाकीत उतरवायचे, ही कसली वारी?

यावर तोड म्हणजे दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरातून वाट दुसऱ्याकडे वळवायची. भरलेला झाकून दीड-दोन वर्षे स्वस्थ ठेवायचा. आत वास नसलेले कोरडे सोनखत होते. ते काढायला घरधनी पुरे, दुसऱ्याचे मिंधेपण नाही. उताराचे भांडे बसवले तर दीड-दोन लिटर पाण्यात भागते. खड्ड्याच्या विटा फटी ठेवून रचतात, तळ सिमेंटने लिंपायचा नाही. मात्र आपली जमीन काळी, पाणी लवकर जिरत नाही. म्हणून बांधकामाबाहेर चहूकडे फूटभर वाळू किंवा बारीक खडी भरावी. विहीर-बोअर निदान 50 फूट दूर हवी. आणि धरण भरल्यावर जिथे खणताच पाणी लागते, तिथे खड्डा खोल नेऊ नये, उथळ करून जोत्यासह वर उचलावा. गवंडी "चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नये.

हे लोक स्वीकारतील काय, ही शंका असेल तर तुकोबांच्या देहूकडे पाहा. 1960 च्या सुमारास डॉक्टर मापुसकर तेथे आरोग्य केंद्रात आले. पहिले संडास पावसात ढासळले आणि गावाने पाठ फिरवली. डॉक्टर निराश होऊन गेले नाहीत. कणकवलीच्या गोपुरीत झाडू हाती घेणाऱ्या आप्पासाहेब पटवर्धनांच्या प्रयोगांतून निघालेला 'सोपा संडास' त्यांनी देहूत आणला. पुढे मैल्यापासून चुलीला गॅस देणारा 'मलप्रभा' संयंत्राचा संडासही केला. घरोघर समजावण्यात कित्येक वर्षे गेली. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडला तोही याच वाटेचा धडा. पण बाबांची गोष्ट सर्वांना पाठ आहे, डॉक्टरांची नाही, म्हणून विस्ताराने सांगितली.

बायामाणसे एक प्रश्न हमखास विचारतात: ते खत तुळशीला घातले तर चालेल काय? आमचे म्हणणे, खुशाल घालावे. फक्त खड्डा बंद करून पुरी दोन वर्षे झालेली असावीत आणि ढेकूळ हातात घेताच मातीसारखे भुसभुशीत सुटले पाहिजे. ओले लागले तर झाकण परत ठेवावे आणि पुढल्या आषाढीपर्यंत थांबावे.