परमनप्रवेशाचा अधिकार

कादंबरीकाराजवळ ज्या अनेक युक्त्या असतात, त्यांत परक्याच्या मनांत शिरण्याची युक्ति सर्वांत धाडसाची होय. शेजारीं बसलेल्या सख्ख्या भावाच्या मनांत काय चाललें आहे हें आपणांस कळत नाहीं. पण कादंबरी उघडतांच तीनशें वर्षांपूर्वींच्या पुरुषाचें स्वगत आपण निःशंकपणें ऐकतों.

हरिभाऊ आपट्यांची यमू सर्वस्वीं कल्पित. 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्यें एका पुरुषानें स्त्रीच्या तोंडून आत्मकथन करविलें. तरी फसवणूक झाली असें कोणास वाटलें नाहीं. यमू नव्हती हें वाचक जाणतो, आणि तशा पुष्कळजणी होत्या हेंहि जाणतो.

नायक इतिहासांतला असला म्हणजे मात्र हा करार बिघडतो. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'स नांदेडच्या पीपल्स कॉलेजांतील अध्यापक नरहर कुरुंदकर यांची विस्तृत प्रस्तावना आहे. एकाच ग्रंथांत आधीं पुरावा तोलणारा चिकित्सक भेटतो, आणि मग महाराजांच्या अंतःकरणांत वावरणारा कथाकार. पुष्कळ वाचक (आम्हीहि त्यांतलेच) प्रस्तावना ओलांडून कथेकडे धांवतात. आमच्या एका स्नेह्यांच्या नातवानें महाराजांचें म्हणून एक वाक्य मोठ्या अभिमानानें ऐकविलें. तें एका कादंबरींतलें निघालें. त्या मुलास खोटें कोणीं सांगितलें? मुखपृष्ठावर 'कादंबरी' असें छापलेलें होतेंच.

तरी ही युक्ति टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. कागदपत्रें मनुष्याचें कृत्य सांगतात, त्याचें भय सांगत नाहींत. शिवाय महाराजांविषयींची चूक दुरुस्त करावयास इतिहासकार जागे आहेत.

हाच प्रश्न नांदेडाहून शेजारच्या लातूर जिल्ह्यांत नेला म्हणजे कठीण होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटेच्या अंधारांत, किल्लारीच्या परिसरांत भूकंपानें सुमारें १०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. दगडमातीच्या ज्या जाड भिंतींचा आधार, त्यांनींच घात केला. आतां एखादा लेखक ढिगाऱ्याखालच्या मातेचें अखेरचें स्वगत लिहूं लागला तर? ती कल्पित म्हणावी, तर गांव खरें, तारीख खरी. आणि तशाच एखाद्या मातेचा मुलगा कदाचित् तें पान वाचीत असेल. त्या माउलीचा दुसरा कागद कोठेंहि नाहीं. लेखक लिहील तेंच तिचें अखेरचें बोलणें होऊन बसेल. म्हणून आम्हांस वाटतें, लेखकानें तेथें दाराशींच थांबावें. माती उपसणारे हात दाखवावे, हांकेस उत्तर आलें नाहीं इतकें सांगावें.

यावर कोणी म्हणेल, मग तिचें दुःख मुकेंच राहिलें. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर आमच्याजवळ नाहीं.