आधी समोरचं ताट

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून इथली माणसं सैन्यात जात आली. अशा मुलखात रस्त्याकडेच्या एखाद्या छोट्या हॉटेलाचा मालक माजी सैनिक निघतो. पहाटे टेबलं तो स्वतः पुसतो. लढाईच्या गोष्टी? विचारल्याशिवाय नाहीत. पण वेटर जेवला का, हे मात्र रोज विचारणार. आधी समोरचं ताट, मग आपलं. देहरादूनच्या लष्करी अकादमीत अधिकाऱ्यांनाही हेच शिकवतात. आधी देश, मग जवान, शेवटी आपण. माणसाचं मोठेपण हाताखालच्यांच्या पोटावरून ओळखावं. आधी समोरचं ताट, मग आपलं. श्रोतेहो, तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं? आज त्यांना आधी वाढा.