खांद्याची सचोटी

चाळिशीनंतर माणसाच्या खांद्यावर जबाबदाऱ्या येतात म्हणे. माझ्या खांद्यावर काही आलं नाही. तो स्वतःच भरून आला. वीस वर्षं बँकेच्या एकाच खुर्चीत, एकाच बाजूला झुकून दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर आणखी काय होणार? दुखणं ओसरलं तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आता वजनं उचलायला लागा. हलकी." म्हणून कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं.

पहिल्याच दिवशी धर्मसंकट उभं राहिलं. एका भिंतीला डंबेल्सची रांग, समोर खांद्याचं यंत्र. यंत्रात पाठ टेकून बसायचं, पिन खोचून वजन ठरवायचं आणि दांड्या वर ढकलायच्या. त्या आखून दिलेल्या वाटेनंच जातात. डंबेलला वाट नाही. ते पुढे, मागे, कानावर, कुठंही जाऊ शकतं. "काका, तुम्हीच ठरवा," असं म्हणून तिथला मुलगा आरशाकडे वळला.

आता कॉमर्सच्या पदवीधरानं शरीरशास्त्रावर बोलू नये, पण बाईंनी समजावलं ते सांगतो. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला बसायला दिलेली वाटी मात्र उथळ, म्हणजे लोकलमधली चौथी सीटच. तरी तो पडत नाही, कारण चार लहान स्नायूंनी त्याला धरून ठेवलेलं असतं. मिरवतो तो वरचा डेल्टॉइड. राबतात हे चौघे. (आमच्या शाखेची रचना साधारण अशीच आहे.) डंबेल डोक्यावर नेताना या चौघांना ते सावरावंही लागतं, यंत्रात सावरण्याचं बरंचसं काम दांडीच करते.

नुसता स्नायू वाढवायचा असेल तर दोन्हीकडे हिशेब जवळजवळ सारखाच लागतो. नवशिक्याला, दुखऱ्या खांद्याला किंवा सोबत कोणी नसताना थकेपर्यंत ढकलायचं असेल तर यंत्र बरं. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मिटलेलं खातं पुन्हा उघडलं.

ऑलिंपिकमध्ये १९७२ पर्यंत वजन खांद्यावरून सरळ डोक्यावर ढकलण्याचा 'प्रेस' नावाचा प्रकार होता. उभं राहायचं ताठ, असा नियम. पण उचलणारे हळूहळू इतके मागे रेलायला लागले, की गडी उभा आहे की आडवा, यावरून पंचांचीच पंचाईत व्हायला लागली. म्युनिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. जगातले सर्वांत बळकट खांदे, आणि अडलं कुठं, तर सरळ उभं राहण्यापाशी!

यंत्रात पाठीला पाटच असतो, मागे रेलायची सोय नाही. पण ज्याला रेलताच येत नाही, त्याच्या ताठपणाचं कौतुक कुठल्या खात्यात जमा करायचं?

मी कॅशवर नवा होतो तेव्हा नोटा बोटांनी मोजत असे. एका संध्याकाळी पाचशे रुपये जास्त निघाले. कुणाचे ते मला पक्कं ठाऊक होतं. पेन्शन घ्यायला आलेल्या एक आजी. नोटा न मोजताच पिशवीत टाकून, मला "सुखी राहा बाळा" म्हणून गेल्या होत्या. मी अधिकाऱ्यांना सांगितलं, आजींना निरोप गेला, पैसे मिळाले. पण सांगण्याआधी मी दीड मिनिट गप्प होतो. घरी हप्ता थकला होता. माझ्या सचोटीची जी काय नोंद आहे, ती त्या दीड मिनिटाची.

आज नोटा यंत्र मोजतं, बेरीज संगणक करतो आणि डोक्यावर कॅमेरा असतो. कित्येक वर्षांत एका रुपयाचा फरक नाही. (आजींच्या दृष्टीनं हेच बरं. त्यांना माझं दीड मिनिट घेऊन काय करायचंय?) पण मी अजून प्रामाणिक आहे, की नुसता पिन खोचून बसवलेला आहे, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

म्हणून मी डंबेल घेतले. तीन-तीन किलोचे; तत्त्वासाठी एवढं पुरे. "बारा मारा, काका," तो मुलगा म्हणाला. अकराव्याला डावा हात असा डगमगला, की मी ते खाली ठेवले.

"झाले बारा?" तो लांबून ओरडला.

"झाले," मी म्हणालो.

त्यानं वहीत लिहून टाकलं. मी पाणी प्यायलो, टॉवेल खांद्यावर टाकला, दारापर्यंत गेलो. मग परत आलो आणि बारावा मारला. थोडा मागे रेलून.