ट्रायल क्लास

डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन गेले आणि त्याच आठवड्यात मी तबला शिकायचं ठरवलं. हे सांगायला जरा लाज वाटते, कारण त्या आठवड्यात अजून बऱ्याच जणांनी तेच ठरवलं असणार. रात्री दोन-दोनपर्यंत त्यांचे व्हिडिओ बघायचे, टेबलावर बोटं आपटायची आणि सकाळी स्टँडअपला झोपाळलेल्या आवाजात 'नो ब्लॉकर्स' म्हणायचं, असे ते दिवस होते.

माझ्यासारख्या माणसाने काहीही ठरवलं की आधी एक्सेल शीट उघडते. शीटमध्ये आठ शिक्षक होते. कॉलम असे: वाकडपासून अंतर, महिन्याची फी, वेळ, रेटिंग, ट्रायल क्लास फुकट आहे का, मोबाईलवर रेकॉर्ड करू देतात का. आठातून तीन काढले, तिघांकडे ट्रायल दिली. 'दिली' म्हणतोय, पण माझ्या डोक्यात ट्रायल त्यांची होती. मी परीक्षक होतो. तेव्हा यात मला काहीच विचित्र वाटलं नाही.

निवडले ते पेठेतले सर. बँकेतून रिटायर झालेले, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, बाहेरच्या खोलीत सतरंजी, आतून कुकरच्या शिट्ट्या. फी चार तासांना पंधराशे, म्हणजे शीटमधली सगळ्यात कमी. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "नखं कापून ये." तो दिवस तिथेच संपला, कारण नेलकटर त्यांच्याकडे मागायची माझी हिंमत झाली नाही.

मग सुरू झाला 'ना'. तबल्यावर अनामिका शाईच्या काठाशी टेकवायची आणि तर्जनीने कडेच्या चाटेवर आघात करायचा. बस, एवढंच. पण अनामिका जरा दाबली गेली की आवाज मरतो, जरा उचलली गेली की भलताच घुमतो. ती टेकलेलीही हवी आणि नसल्यासारखीही हवी. सहा शनिवार मी हाच 'ना' वाजवला. सोबत शाईवर 'तेटे' आणि डग्ग्यावर 'गे'. सातव्या शनिवारी विचारलं, "सर, ताल कधी?"

"हात बसू दे."

दहाव्या शनिवारीही उत्तर तेच. पेठेत पाऊण तास बाईक हाकत जायचं, पार्किंग शोधायचं आणि तासभर एक अक्षर वाजवून परत यायचं. माझ्याबरोबर सुरू केलेला ऑफिसमधला एक मित्र तोवर इन्स्टावर केहरवा वाजवत होता. अकराव्या शनिवारी मी निघालोच नाही. व्हॉट्सॲप केला: 'सर, ऑफिसचं काम खूप वाढलंय, सध्या क्लास थांबवतोय. थँक यू.' पुढे हात जोडल्याचा इमोजी. दोन निळ्या टिका आल्या, मग 'ठीक आहे'.

ऑफिसचं काम वाढलेलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी दुसरा क्लास लावला. इथे शिक्षक तिशीतले, उत्तम वाजवणारे, समजावून सांगणारे. त्यांना या गोष्टीत खलनायक करायचा माझा बिलकुल विचार नाही. पीडीएफ नोट्स होत्या, लेहरा ॲपवर रियाज होता, दोन महिन्यांत तीनताल, दादरा, केहरवा हातात आले, मग दिल्लीचा पहिला कायदाही आला. ऑफिसच्या गणपतीत मी गिटारवाल्या मैत्रिणीसोबत वाजवलं. टाळ्या पडल्या. आईने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि मग ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी हे नवे सर मध्येच थांबवून म्हणाले, "तुझं बाकी सगळं घाईत आहे. पण 'ना' स्वच्छ आहे. तेटेही. तुझा हात कुणी बसवला?"

मी म्हणालो, "यूट्यूबवर बघून."

इतक्या पटकन आलं ते तोंडातून. पेठेतल्या सरांचं नाव घेतलं असतं तर 'मग सोडलं का' हा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे धड नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी तीनतालाचा ठेका मोजला. सोळापैकी आठ मात्रांवर उजवा हात 'ना'च वाजवतो: सहा वेळा 'धा'च्या पोटात, कारण धा म्हणजे ना आणि गे एकत्र, आणि दोनदा खालीच्या बाजूला 'ता' म्हणून. म्हणजे मी ज्याला ताल समजत होतो त्याचा अर्धा भाग सर मला दहा शनिवार शिकवत होते आणि मी विचारत होतो की ताल कधी.

ऑफिसात जेवताना मी हे सगळं एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "तू उगाच गिल्ट घेतोयस. पैसे दिलेस ना? डेंटिस्ट बदलताना तू आधीच्या डेंटिस्टला सांगतोस का?" हा युक्तिवाद मला आजही हलका वाटत नाही. दोन-तीन दिवस मी त्याच्यावरच होतो. विद्येला किंमत नसते, गुरूचं ऋण फिटत नाही वगैरे वाक्यं टाकून तो उडवता येत नाही, कारण सरांनी स्वतःच तर किंमत सांगितली होती: पंधराशे.

पण मग मी खोटं का बोललो? ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद करताना मी त्यांना 'ऑफिसचं काम वाढलंय' असं कळवत नाही. बटण दाबतो आणि संपतं. सरांशी खोटं बोलावं लागलं याचाच अर्थ, हा नुसता व्यवहार नाही हे मला मेसेज टाईप करतानाही माहीत होतं. आणि दुसऱ्यांदा, 'यूट्यूब' म्हणताना, तर ते जास्तच माहीत होतं.

डेंटिस्टचा दाखला माझ्या मते दुसऱ्याच एका जागी तुटतो. दात दुखायचा थांबला की मला कळतं. काम झालं की नाही याचा निवाडा करायला मला दंतवैद्यक यावं लागत नाही. शिक्षकाचं तसं नाही. मी आमच्याकडे इंटरव्ह्यू घेतो. समोरच्याने हॅशमॅप का वापरला हे मी जोखू शकतो, कारण त्या वाटेने मी स्वतः गेलोय. शिक्षक शोधताना हे बरोबर उलटं होतं: फ्रेशरने आर्किटेक्टचा इंटरव्ह्यू घ्यायचा. माझ्या शीटमध्ये अंतर होतं, फी होती, रेटिंग होतं. 'शिकवता येतं का' हा कॉलम नव्हता, कारण तो भरायची माझी लायकी नव्हती. ती लायकी शिकल्यावर येते, आणि निवड शिकण्याआधी करावी लागते. रेटिंगवर तरी काय विसंबणार? ते देणारेही माझ्यासारखेच, तिसऱ्या महिन्यात खूश असलेले. सात वर्षांनी परत येऊन कुणी स्टार बदलत नाही.

म्हणजे सुरुवातीचा काही काळ पुराव्याशिवाय विश्वास टाकण्यावाचून इलाज नाही. आणि इथे मला भीती वाटते, कारण हे वाक्य फार धोकादायक लोकांच्या तोंडीही शोभतं.

आपल्याकडे हा विश्वास एका दोऱ्यात बांधायची पद्धत होती. गंडाबंधन: गुरूने शिष्याच्या मनगटाला धागा बांधायचा, गूळ-चणे खायला द्यायचे, शिष्याने दक्षिणा ठेवायची. त्यानंतर प्रश्न विचारायचे नाहीत, दुसरीकडे जायचं नाही, गुरू सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच. त्या पद्धतीतून थोर कलावंत निघाले हे खरंच. पण घरातली कामं करून घेऊन वर्षानुवर्षं काहीच न शिकवलेल्या शिष्यांच्या गोष्टीही आपण ऐकल्यात, आणि अलीकडे तर गुरूने केलेल्या छळाच्या तक्रारी वर्तमानपत्रात वाचल्यात. ज्याच्या घरात गाणं नाही, ओळख नाही, अशाला तर दारातच उभं राहावं लागे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीताला वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम आला. आज प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा कुणीही देऊ शकतो. कोणतीही वशिल्याची चिठ्ठी नसताना एक आयटीवाला पेठेत जाऊन 'मला शिकवाल का' विचारू शकतो, ते त्याच वाटेने. त्यामुळे जुन्या काळात परत जायची मला अजिबात हौस नाही.

शिवाय जुना काळही वाटतो तितका एकनिष्ठ नव्हता. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गदगचं घर सोडून गुरू शोधत उत्तरेत फिरले, ग्वाल्हेरला गेले, जालंधरला गेले, आणि शेवटी शिकले ते कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे. गदगपासून कुंदगोळ काही फार लांब नाही! ही गोष्ट मी पूर्वी 'शोध घ्यावा लागतो' या अर्थाने वाचायचो. आता वाटतं, त्या भटकंतीतल्या कुणीतरी, कुठल्यातरी थंड खोलीत, त्यांचाही एखादा सूर बसवून दिला असेल.

तर सोडून जाणं हा माझा गुन्हा नाही. शिक्षक बदलता आला पाहिजे, आणि ज्याला तो बदलू दिला जात नाही त्याने तर आधी बदलावा. सरांचीही यात चूक आहे, आणि ती मी आदरापोटी गिळणार नाही. 'हात बसू दे' हे उत्तर नाही. सोळापैकी आठ मात्रांचा हिशोब त्यांनी दोन मिनिटांत सांगितला असता तर मी बहुतेक थांबलो असतो. पुराव्याशिवाय विश्वास मागणाऱ्याने निदान कारण तरी द्यावं.

माझी चूक वेगळी होती, आणि ती मला माझ्याच धंद्याच्या भाषेत नीट कळली. एमआयटी लायसन्सचा कोड तुम्ही फुकट घ्या, बदला, विका, त्यावर कंपनी काढा. त्यात मुख्य अट एकच आहे: मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर काढायचा नाही. गाणारे-वाजवणारे गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, त्याला मी आजवर नाटकीपणा समजत होतो. ती तीच ओळ आहे. मी दहा शनिवारांचा कोड घेतला, त्यावर गणपतीत टाळ्या घेतल्या आणि वरची ओळ पुसून तिथे 'यूट्यूब' लिहिलं. आमच्याकडे असं कुणी केलं तर मी रिव्ह्यूमध्ये लाल शेरा मारेन.

एकलव्याची गोष्ट आपण गुरूच्या अन्यायाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला हल्ली तिची पहिली बाजू आठवते. ज्याने त्याला काहीच शिकवलं नव्हतं, त्याचंही नाव त्याने विचारल्याबरोबर सांगितलं.

पंधराशे रुपयांत काय आलं, याचाही मी विचार केला. शनिवारचा तास आला. सतरंजी, वीज, त्यांचा वेळ आला. पण माझी अनामिका कुठे टेकावी हे पुढच्या ऑक्टोबरमध्ये उपयोगी पडणार होतं, आणि त्याची किंमत मार्चमध्ये ना मला ठरवता आली असती ना त्यांना. ते बाकी राहिलं. ते आयुष्यभराचं ऋण वगैरे आहे असं मला वाटत नाही, माझा हात माझाच आहे. नाव सांगणं आणि खरं बोलणं एवढंच ते असावं. पण तेवढं मी बुडवलं होतं.

आधी नव्या सरांना सांगितलं. ते हसले. "मला शंका होतीच. यूट्यूबवर अनामिका अशी बसत नाही."

पेठेतल्या सरांना मेसेज टाईप केला, तीनदा खोडला आणि शेवटी फोन लावला. त्यांनी ओळखलं. मी म्हणालो, "सर, तेव्हा ऑफिसचं कारण खोटं होतं."

"मग काय झालं होतं?"

"कंटाळा आला होता. 'ना'चा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मग तसं सांगायचं होतंस," ते म्हणाले. रागावल्यासारखे वाटले नाहीत. समजून घेतल्यासारखेही वाटले नाहीत. मग विचारलं, "आता काय?"

मी म्हणालो, परत यायचंय. पण नवा क्लासही सोडायचा नाहीये, तिथे पेशकार सुरू झालाय.

"शनिवार आता एका लहान मुलाला दिलाय. बुधवार सकाळ आहे, सातला. फी अठराशे झालीय."

"चालेल सर."

"त्यांना विचारलंस का, इकडे येतोयस म्हणून?"

विचारलं नव्हतं.

"आधी त्यांना विचार," सर म्हणाले आणि फोन ठेवला.