सुई टोचणाऱ्या हाताचं शिक्षण

गणेशोत्सवात मंडपाशेजारी मोफत मधुमेह तपासणीचं टेबल लागतं. रांगेतले बरेच जण आरती आटोपून, प्रसादाचा पेढा खाऊन तिकडे वळतात. टेबलामागचा तरुण बोट धरतो, सुई टोचतो, थेंब स्ट्रिपला लावतो आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. बोटाला पेढ्याची साखर राहिली असेल, तर ती त्याच थेंबात मिसळते आणि धडधाकट माणूसही मधुमेही ठरू शकतो. हात धुऊन कोरडे करायला लावायचे, स्पिरिट वाळू द्यायचं, बोट पिळायचं नाही, स्ट्रिपची डबी लगेच बंद करायची, कारण दमट हवेत स्ट्रिपा खराब होतात. हे सगळं शिकवायला फारसा वेळ लागत नाही. पण ते शिकवायचं कुणी, आणि शिकवलेलं सहा महिन्यांनी हातात उरलंय का, हे पाहायचं कुणी?

आपल्याकडे पॅथॉलॉजीवरचा वाद बहुतेक सहीभोवती फिरत आला आहे. गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं, की प्रयोगशाळेच्या अहवालावर सही करणारा पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेला नोंदणीकृत डॉक्टरच हवा. २०२१च्या कायद्याने प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांसकट अनेक सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन केला. अशा व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं असावं, असं त्यात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी योग्यच. मात्र तपासणी प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून कधीच बाहेर पडली आहे. वॉर्डात सिस्टर साखर पाहते, उपकेंद्रात आरोग्यसेविका हिमोग्लोबिन पाहते, पाड्यावर आशाताई मलेरियाचं किट उघडते. इथे सहीचा प्रश्नच येत नाही. समोर दिसणारी रेघ किंवा आकडा हाच अहवाल, आणि उपचारही त्याच्याच भरवशावर सुरू होतात.

म्हणून या सगळ्यांना डीएमएलटीची, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेची, अट घाला, असं म्हणणारे आहेत. त्यांनी पावसाळ्यातलं गडचिरोलीचं भामरागड डोळ्यांसमोर आणावं. पर्लकोटा नदीला पूर आला, की तालुक्याचा संपर्क तुटतो. रक्ताची काच प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचून, मायक्रोस्कोपखाली जाऊन निकाल परत यायचा, तोवर फाल्सिपेरम मलेरिया मेंदूपर्यंत पोचलेला असतो. गडचिरोलीत आशाताईच्या हातात किट असणं ही तडजोड नाही, तो शहाणपणाचा निर्णय आहे. तिच्या शालेय शिक्षणावर बोट ठेवून किट काढून घेतलं, तर त्याची किंमत तापाने फणफणलेली मुलं मोजतील.

पण त्या किटमध्ये किती बारकावे आहेत ते पाहावं. रक्त एका खिडकीत टाकायचं, द्रावणाचे थेंब दुसरीत, आणि किटवर लिहिलेल्या मिनिटांनंतरच निकाल वाचायचा. घाई केली तर फिकी रेघ उमटायची राहते, फार उशीर केला तर नसलेली रेघ दिसू शकते. किट चालू असल्याची खूण असलेली कंट्रोलची रेघ उमटली नाही, तर किट बाद. झोपडीतल्या अंधुक उजेडात फिकी रेघ सुटते, म्हणून किट दारात आणून पाहायचं. शिवाय फाल्सिपेरमचं जे प्रथिन हे किट पकडतं, ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. महिन्यापूर्वी मलेरियाच्या गोळ्या घेतलेल्याला पुन्हा ताप आला आणि रेघ उमटली, तर तो ताप मलेरियाचाच असेल असं नाही. त्यासाठी आधी कधी गोळ्या घेतल्या होत्या, ते विचारावं लागतं.

प्रशिक्षणाचा हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे: हाताचं कौशल्य शिकवलं जातं, प्रश्न विचारायला शिकवलं जात नाही. सिकलसेलचंच घ्या. २०२३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यासाठी तिचं मोल मोठं आहे. आजार असलेल्या माणसाला अलीकडेच रक्त चढवलेलं असेल, तर दात्याचं निरोगी हिमोग्लोबिनही तपासणीत दिसतं आणि रुग्ण नुसता वाहक वाटू शकतो. ‘गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का?’ एवढा एक प्रश्न राहून गेला, की एखाद्या मुलीच्या हातात सिकलसेलच्या निकालाचं चुकीचं कार्ड पडतं. पुढे तिचं लग्न, तिचं बाळंतपण, सगळे निर्णय त्या कार्डावर बेततात.

अमेरिकेतही असंच घडलं. २००९मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की एका विशिष्ट प्रकारच्या ग्लुकोमीटर स्ट्रिपा माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजतात. पोटातून डायलिसिस करताना काही रुग्णांना जे द्रावण देतात, त्यातून शरीरात माल्टोज तयार होतं. साखर वाढलेली दिसली म्हणून इन्सुलिन दिलं गेलं; प्रशासनाकडे १३ मृत्यूंची नोंद होती. यंत्र चालवणाऱ्याने बोट नीट टोचलंही असेल. आपल्या हातातली स्ट्रिप कुणासाठी चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच देशाच्या १९८८च्या प्रयोगशाळा कायद्यातली एक तरतूद मात्र आपण उचलण्यासारखी आहे. मध्यम गुंतागुंतीच्या तपासण्या करणाऱ्याचं कौशल्य पहिल्या वर्षात दोनदा आणि पुढे दरवर्षी तपासावं लागतं: प्रत्यक्ष समोर उभं राहून, नोंदवही चाळून, आत काय आहे हे न सांगता नमुना देऊन. सोप्या समजल्या गेलेल्या तपासण्यांना तो कायदा ही अट लावत नाही, आणि बहुतेक ग्लुकोमीटर तिथेच निसटतात. ती पळवाट आपण घेऊ नये.

हे भारतात जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही. एचआयव्हीच्या कार्यक्रमात ते जमलेलं आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका बोटातून रक्त घेऊन प्राथमिक तपासणी करते. रेघ उमटली, तरी निदान ती करत नाही, पुढच्या केंद्रात निराळ्या किटांनी खात्री केली जाते. त्या केंद्रांच्या अचूकतेवर नजर ठेवणारी साखळी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सांभाळली. सांकेतिक क्रमांकाचे नमुने वरून खाली जात आणि उत्तरं तपासली जात. रोगाची दहशत होती म्हणून ही शिस्त आली. साखर आणि हिमोग्लोबिन रोजचंच, म्हणून तिथे यंत्र पडताळण्याच्या कंट्रोल सोल्यूशनची बाटली न उघडताच मुदतबाह्य होते.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनपासून करता येईल. त्याने महिन्यातला एक दिवस उपकेंद्रांना द्यावा, एकाच माणसाचं रक्त केंद्रात आणि उपकेंद्रात तपासून आकडे शेजारी शेजारी लिहावेत, आणि फरक पडला तर ओरडण्याऐवजी सेविकेसोबत पुन्हा करून पाहावं. त्या दिवसाचं त्याचं इतर काम कमी झालं पाहिजे. आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या दिवसाची बुडालेली मजुरीही भरून निघाली पाहिजे. मानधनासाठी २०२३मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला होता. खाजगी दवाखान्यांत हे कोण पाहणार, याचं उत्तर नोंदणीच्या नियमांत लिहावं लागेल: कोणती तपासणी, कोणाच्या हातून, शेवटची परीक्षा कधी झाली. हा कागद यंत्राशेजारी भिंतीवर लावलेला असला, तर बोट पुढे करणाऱ्यालाही तो वाचता येईल.