पाहण्याची भूक

बालपणी डॉ. सलीम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरील पिवळा ठिपका पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले आणि त्या कुतूहलातून भारताला एक थोर पक्षितज्ज्ञ लाभला. आज पक्षी न्याहाळण्यासाठी त्याचा जीव घ्यावा लागत नाही. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, हे निःसंशय चांगले झाले. तरीही आपण कॅमेरा ‘रोखतो’ आणि छायाचित्र ‘टिपतो’. शिकारीची भाषा सुटलेली नाही. मग शिकाऱ्याची वृत्ती तरी सुटली आहे काय?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात धर्मग्रामातील एका तरुणाबरोबर मी मिठागराच्या बांधावर गेलो होतो. त्याने आपली ६०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स माझ्या हाती दिली. समोर टिटवी बसली होती. तिचे घरटे ते काय! जमिनीवरचा एक उघडा खळगा, त्यात मातीच्याच रंगाची चार अंडी. दुरूनही छायाचित्र चांगले येत होते. पण मला तिच्या डोळ्यातली चमक हवी होती. मी एकेक पाऊल पुढे सरकत गेलो. टिटवी उठली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालत आकांत करू लागली. मी तो आकांतही टिपत राहिलो.

“फादर, मागे येऊ या,” तो तरुण हळूच म्हणाला, “अंडी उन्हात पडलीत.” मग त्याने सांगितले, की कडक उन्हात टिटवी आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. ती तिथे नुसती बसली नव्हती. स्वतःच्या देहाची सावली करून होती. आम्ही दूर गेलो, तरी ती परतायला बराच वेळ लागला. माझे छायाचित्र सुरेख आले. पाहणाऱ्यांना तिच्या उघड्या चोचीत आवेश दिसला. मला माझे पाऊल दिसले.

वास्तविक ही लेन्स अंतर राखता यावे म्हणूनच आहे. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सपेक्षा ती पक्षी बारा पटींनी मोठा दाखवते. पण त्याच वेळी तिची नजर जेमतेम ४ अंशांपुरती आकसते. पक्षी जवळ येतो; ऊन, अंडी, बांधावर टपलेला कावळा मात्र चौकटीबाहेर राहतात. हव्यासाची नजर याहून वेगळी असते काय?

सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने पाहणे आणि खाणे यांत भेद केला आहे. जे केवळ पाहायचे, ते खाऊ जाणे हे तिला पापाचे मूळ वाटले. मला वाटते, पाहणेही खाणे होऊ शकते. पक्ष्याची ध्वनिमुद्रित साद वाजवली की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो चारा टाकून धावत येतो. घरटे नीट दिसावे म्हणून कुणी आडव्या फांद्या छाटतो. पक्षी मरत नाही, पण तो आपल्यासाठी साधन होतो. प्रत्येक जीवाला स्वतःचे मूल्य आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्टपणे मांडले. आपल्याला तो सुंदर दिसतो म्हणून ते मूल्य त्याला लाभलेले नाही.

छायाचित्रांमुळे पक्ष्यांविषयी प्रेम वाढते, हे मला मान्य आहे. म्हणून मुलांच्या हातून कॅमेरा काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. त्यांना एवढेच शिकवावे, की अंतर पक्ष्याला ठरवू द्या. त्याने खाणे थांबवून मान उंचावली, की आपली सीमा आली. घरट्याच्या वाटेला तर जाऊच नये.

जळत्या झुडपाचे नवल पाहायला निघालेल्या मोशेला परमेश्वराने अलीकडेच थांबवले आणि पायतणे काढायला लावली. तो पुढे गेला नाही; तरी त्याची भेट झाली.