दोरीला बांधलेली पेन्सिल

४ मे २०२३ ला मी पहिल्यांदा विलायतेत मत दिलं, आणि तेही भारतीय पासपोर्ट दाखवून. इंग्लंडभरच्या स्थानिक निवडणुकांत फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं ते त्याच दिवशी. माझ्या पुढे रांगेत शेजारच्या आजी होत्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या सफोकच्या मातीत गेलेल्या, आणि त्या पर्समध्ये ज्येष्ठांचा बसपास शोधत होत्या. मी निळा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि मोकळी झाले. राष्ट्रकुल देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असला की त्याला मत असतं, हे इथल्याही बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. मला पुण्यात मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. परदेशी राहणाऱ्या भारतीयाने स्वतः केंद्रावर हजर व्हावं असा नियम आहे. ज्या देशाची मी नागरिक आहे तिथे माझं मत लांब, आणि ज्या देशाची नाही तिथे ते चालत सात मिनिटांवर.

केंद्र म्हणजे चर्चच्या मागचा हॉल. आत पोलीस नाही, शाई नाही, यंत्र नाही. कर्मचाऱ्याने यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ ओढली आणि मतपत्रिका हातात दिली. लाकडी आडोशाला दोरीने बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक. नावापुढे फुली मारायची, कागद दुमडायचा, काळ्या पेटीत टाकायचा. पेन्सिलीने केलेली खूण कुणी खोडली तर, असा संशय आपल्याकडच्या माणसाला पहिल्याच क्षणी येतो. तो इथेही काहींना येतो, २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात तर लोक घरून पेन घेऊन गेले होते. पण पेन्सिल तशीच आहे. बाहेर आले आणि सवयीने डाव्या तर्जनीकडे पाहिलं. कोरी. मत दिल्यासारखं वाटेचना.

दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईंच्या कोटावर पक्षाचा कापडी फुलासारखा बिल्ला लावलेला होता. ‘तुझा यादीतला नंबर सांगतेस का, बाळ?’ त्यांनी विचारलं. आपलं कोण येऊन गेलं आणि कुणाच्या दारावर अजून थाप मारायची, याचा तो हिशोब. सांगायची सक्ती नसते. मी सांगितला. खुर्चीशेजारी थर्मास होता, पायाशी कुत्रं झोपलेलं होतं. बूथवरची स्लिपा वाटणारी आपली पोरं आठवली. फरक एवढाच, की इथे वडापाव नव्हता.

ही निवडणूक होती मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलची. नावाप्रमाणेच सफोक काउंटीच्या मधोमध पसरलेला हा तालुक्याएवढा मुलूख. बार्ली आणि साखरबीटाची शेतं, मध्ययुगीन चर्चचे मनोरे, स्टोमार्केट आणि नीडम मार्केट ही बाजाराची गावं, आणि उत्तरेला एक टिकलीएवढं शहर, त्याचं नाव आय. (नावाचा अर्थ ‘बेट’ असा आहे. पण मराठी कानाला आईच ऐकू येते, त्याला इलाज नाही.) वस्ती लाखाच्या घरात, कौन्सिलच्या जागा ३४.

या ३४ जणांच्या हातात काय असतं? कचरा उचलणं, घरबांधणीला परवानगी देणं किंवा नाकारणं, कौन्सिलची भाड्याची घरं, बेघरांची सोय, आणि कर गोळा करणं. रस्ते, शाळा, ग्रंथालयं, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची काळजी हे सगळं वरच्या काउंटीकडे. खाली पॅरिश कौन्सिल, तिच्याकडे बाकडी, दफनभूमी, खेळाचं मैदान. दर वसंतात घरी कराचं बिल येतं. ते पाठवते डिस्ट्रिक्ट, त्यामुळे शिव्या खाते डिस्ट्रिक्ट. बिल उलगडून पाहिलं तर सिंहाचा वाटा काउंटीचा, मग पोलिसांचा, आणि पाठवणारीच्या पदरात दहावा हिस्सासुद्धा नाही. त्यातून हा कर ठरतो घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून. माझं घर बांधलं गेलं त्याच्या कितीतरी नंतर. म्हणजे ते १९९१ साली असतं तर केवढ्याला गेलं असतं, याची कल्पना करून माझा कर बसवलेला आहे. व्यवहारी म्हणून नावाजलेल्या राष्ट्राचा हा कारभार. इंग्लंडमध्ये मूल्यांकन पुन्हा करायचं धाडस आजवर एकाही सरकारला झालेलं नाही.

एवढ्याशा सत्तेसाठी लोक उभे तरी का राहतात? उभं राहणं सोपं आहे, हे एक. अनामत रक्कम नाही. एक सूचक, एक अनुमोदक, झालं. तेव्हा खर्चाची मर्यादा होती ८०६ पौंड अधिक मतदारामागे ७ पेन्स. वॉर्डात अडीच हजार मतदार धरले, तर सगळं मिळून हजार पौंडांच्या आतच. एवढ्या पैशात पत्रकं छापून होतात आणि बूट झिजतात, बाकी काही होत नाही. पत्रकांचाही एक ठरलेला साचा आहे. उमेदवार रस्त्यातल्या खड्ड्याशेजारी उभा, चेहरा चिंताग्रस्त, बोट खाली रोखलेलं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी असेच एक उमेदवार आमच्या दाराशी आले. मी खड्ड्याचंच काढलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘रस्ते आमच्याकडे नाहीत हो, काउंटीकडे आहेत.’ मी म्हटलं, मग तुम्हाला मत देऊन माझा काय फायदा? त्यांनी खिशातून वही काढून खड्डा कुठे आहे ते लिहून घेतलं. ‘काउंटीच्या मागे तर लागता येईल.’ दोन आठवड्यांनी पुन्हा आले. खड्डा बुजलेला नव्हता, पण तक्रार कुठवर पोचली ते सांगायला आले होते. इथल्या कौन्सिलरच्या हातात फारसं काही नसतं, पण तो हाताशी असतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

निकाल लागला तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनाही नकाशात मिड सफोक शोधावं लागलं असणार. ग्रीन पक्षाला ३४ पैकी २४ जागा, कॉन्झर्व्हेटिव्हांना ६, लिबरल डेमोक्रॅटांना ४. चार वर्षांपूर्वी ग्रीनच्या १२ होत्या. ब्रिटनमध्ये या पक्षाने एखाद्या कौन्सिलवर निर्भेळ बहुमत मिळवण्याची ही पहिलीच वेळ. तेही कुठे? विद्यापीठ नसलेल्या, ट्रॅक्टरच्या मागे गाड्यांची रांग लागते अशा, पिढ्यान्‌पिढ्या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या मुलखात. वातावरणबदलाची जाग सफोकच्या शेतकऱ्याला एका रात्रीत आली, असं मला वाटत नाही. लंडनमधल्या सरकारला लोक विटले होते, हे खरंच. पण विटलेल्या माणसाचं मत मिळायला आधी कुणीतरी त्याच्या दाराशी यावं लागतं. ग्रीनची माणसं वर्षानुवर्षं येत होती.

तरीही शंभरातले तीस-पस्तीस लोकच अशा निवडणुकांना घराबाहेर पडतात. एका मताने काय होतं, हा प्रश्न इकडेही आहे, आणि त्याचं उत्तर अधूनमधून मिळतं. मे २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडली. फेरमोजणी झाली, आकडा हलेना. मग कायद्याप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दोघांना काड्या ओढायला लावल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट बाईंना आली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६७ पैकी ३३ वर अडकला, बहुमताला एक कमी. काउंटीची सत्ता एका काडीवर! त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली होती, आणि लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढावी लागली होती. पद्धत एकच, फक्त आपण चिठ्ठी म्हणतो आणि ते काडी.

शब्दांवरून आठवलं. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागते. सरकारी यंत्रणेने नवं काही जाहीर करायचं नाही, याला इथले अधिकारी इतकी वर्षं चक्क ‘पर्दा’ म्हणत आले. भारतातून नेलेल्या मालात हा शब्दही होता. हल्ली कागदोपत्री ‘निवडणूकपूर्व काळ’ असं सपक नाव दिलंय, पण तोंडात पर्दाच आहे.

स्थानिक स्वराज्य इंग्रजांनी आपल्याला शिकवलं, असं आपण शाळेत घोकतो. लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा. तेव्हा इंग्लंडमधल्या काउंटीचा कारभार नेमलेल्या जमीनदार मॅजिस्ट्रेटांच्या हाती होता. निवडून आलेली काउंटी कौन्सिलं १८८८ च्या कायद्याने आली, आणि खेड्यांची पॅरिश आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलं थेट १८९४ च्या. म्हणजे आपल्याकडे जिल्ह्या-तालुक्याला लोकल बोर्ड असावं असा ठराव झाला, तेव्हा गुरुजींच्या स्वतःच्या घरी तो धडा सुरूच झाला नव्हता.

आणि जे उभारलं तेही इंग्लंड तेव्हापासून मोडतच आलं आहे. १ एप्रिल १९७४ ला हजाराहून अधिक लहानमोठ्या संस्था गुंडाळून लंडनबाहेर तीनशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट केले गेले. मिड सफोक त्यातलाच. आयला शतकानुशतकं स्वतःची नगरपालिका होती, दोन हजारांच्या आसपास वस्ती असून. ती गेली, राहिला तो मेयर आणि त्याच्या गळ्यातली साखळी. पुढे मिड सफोकचं शेजारच्या बेबर डिस्ट्रिक्टशी लग्न लावायचं ठरलं. २०११ मध्ये दोन्हीकडे जनमत घेतलं. मिड सफोक हो म्हणालं, बेबर नाही म्हणालं. लग्न मोडलं, पण संसार मात्र एकत्र थाटला. कौन्सिलं दोन, निवडून आलेली माणसं वेगळी, पण मुख्याधिकारी एक आणि नोकरवर्ग एक. २०१७ मध्ये काटकसर म्हणून दोघांनीही आपापली कार्यालयं सोडली आणि इप्सविचमधल्या काउंटीच्या इमारतीत बिऱ्हाड केलं. इप्सविच मिड सफोकमध्ये येत नाही, बेबरमध्येही नाही. आपल्या तालुक्याच्या कारभाऱ्याला भेटायला तालुक्याची वेस ओलांडावी लागते.

आता तेही जाणार आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत लेबर सरकारने ही दोन मजली रचनाच मोडीत काढायचं ठरवलं. डिस्ट्रिक्ट आणि काउंटी दोन्ही बरखास्त, त्यांच्या जागी एकेक मोठी संस्था. सप्टेंबर २०२५ मध्ये काउंटी म्हणत होती अख्ख्या सफोकसाठी एकच कौन्सिल हवं, डिस्ट्रिक्टवाले म्हणत होते निदान तीन तरी द्या. काहीही झालं तरी एप्रिल २०२८ ला मिड सफोक हे नाव पुसायचं आहे. ग्रीन पक्षाने आयुष्यात पहिलं घर घेतलं, आणि गृहप्रवेशाला दोन वर्षं होत नाहीत तोच पाडकामाची नोटीस आली.

सरकारचा मुद्दा खोटा नाही. खड्डा कुणाचा, हे मला दारात उभं राहून विचारावं लागलं, हाच त्याचा पुरावा. एकच संस्था असती तर त्या गृहस्थांना वहीत लिहून घ्यावं लागलं नसतं. आणि जवळ असण्यालाही वास येतो. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज लंडनकडे नेणारी, नॉर्विच ते टिलबरी अशी उंच मनोऱ्यांची तारवाट याच शेतांवरून जायची आहे. गावोगावी विरोध आहे. २०२४ मध्ये या भागातल्या वेव्हनी व्हॅलीतून खासदार झालेले ग्रीनचे एड्रियन रॅमसे यांनीही मनोऱ्यांऐवजी दुसरे पर्याय पाहा म्हटलं, आणि देशभर टिंगल झाली, की स्वच्छ वीज हवी पण तार नको. दारोदार फिरून मतं मागणाऱ्याला दारातल्या माणसाची नाराजी फार मोठी दिसते. हा दोष जवळिकीचाच आहे, आणि तो मी लपवणार नाही. तरी मला दोन मजले बरे वाटतात. चुकलेल्या माणसाला बाजारात गाठून चुकलास म्हणता येतं. साडेसात लाखांच्या सफोकला एकच कौन्सिल आलं, तर त्याच्या हातात बरंच काही असेल. हाताशी कोण असेल, कुणास ठाऊक.

या फेरबदलापायी मे २०२५ ची सफोक काउंटीची निवडणूक वर्षभर पुढे ढकलली. शेजारच्या आजी भयंकर चिडल्या. ‘आमचं मत ढकलणारे हे कोण?’ त्यांनी मला विचारलं, जणू मी सरकारातलीच. वर्षभराच्या विलंबाला एवढा संताप! मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला होता, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आता निवडणुका घ्या. पुण्याचंही तेच. हे आजींना सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले.

परवा कौन्सिलचं पत्र आलं, दरवर्षीचं, मतदारयादीसाठी. पाकिटावर परतीचा पत्ता इप्सविचचा. आत आमच्या घरातली नावं छापलेली, माझ्या नावापुढे राष्ट्रीयत्व भारतीय. खाली एक ओळ आहे: वरील माहितीत काही बदल नसेल, तर तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.